लाल दांडा

मनगटावरचा पट्टा थरथरला. कुंदा ढोबळेच्या पोटातल्या किडनीने निरोप धाडला होता: जंतू वाढताहेत, पाणी प्या, लघवी अडवू नका.

कुंदा कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. बिनड्रायव्हरची बस थांबली नाही.

"पुढचा थांबा वाशिम, एक तास दहा मिनिटं," छतातून गोड आवाज आला.

भावाने किडनी दिली, डॉक्टरांनी तिच्यावर निरोप धाडणारी चिप बसवली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात चारदा लघवीचा संसर्ग होऊन ती तापाने फणफणत इस्पितळात पडली होती. चूक तिचीच. ड्यूटीवर जायचं कुठे, म्हणून पाणीच प्यायचं नाही आणि लागली तरी दाबून धरायची. तिच्या आधीच्या सगळ्या बाई कंडक्टरांनी हेच केलं होतं.

"समोर पंपावर संडास आहे. थांबव."

"वेळापत्रकात बसत नाही."

"वेळापत्रक करणाऱ्याला लघवी लागत नसेल. मला लागते!"

तिने आपत्कालीन दाराचा लाल दांडा खेचला. बस कचकन थांबली.

"कारण नोंदवा."

"लघवी. मोठ्या अक्षरांत लिही."

"अहो बाई, एकटीसाठी अख्खी गाडी खोळंबवता?" पुढच्या सीटवरचा गृहस्थ करवादला.

"एकटी कुठली? सरक बाबा," म्हणत मागची म्हातारी उठली. तिच्यामागे एकेक करत बसमधल्या सगळ्या बायका उठल्या.

"असा प्रसंग पुन्हा घडण्याची शक्यता?" बसने विचारलं.

कुंदाने पायरीवरून मागची रांग बघितली.

"रोज," ती म्हणाली आणि खाली उतरली.