खोडलेली कमांड

कंपनीत नव्यानं आलेल्या मुलींना ‘गिट’च्या, म्हणजे कोडच्या फाइलींच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कोणत्या कमांड शिकवायच्या, याची मी यादी केली होती. आमचे टीमप्रमुख नाडगौडा सर यांनी तिच्यातली ‘रिस्टोअर’ लाल पेनानं खोडली.

“सर, बिघडलेली फाइल आधीसारखी करणारीच कमांड काढलीत?”

“गोंधळतील त्या. बिघडलं काही तर मला फोन करतील.”

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मीही त्यांना असेच फोन केले होते, खालच्या आवाजात, गुन्हा केल्यासारखे. ते येऊन स्क्रीन स्वतःकडे वळवून घ्यायचे आणि मी त्यांना हुशार म्हणायचे. काम होतं एका ओळीचं.

वर्गात गेल्या गेल्या मी सगळ्यांना आपापली फाइल मुद्दाम बिघडवायला लावली आणि फळ्यावर तीच कमांड लिहिली.

दुपारपर्यंत सर दोनदा दारातून डोकावले. “काही अडलंय का कुणाचं?”

एकीनंही मान वर केली नाही.