दोन दशांशाची फट

बाईंनी पिशवीतून वाकलेला सीटचा पाइप काढून काउंटरवर ठेवला. सायकल मिस्त्रींनी तो बघताच ओळखला.

पाइप त्यांनीच बसवला होता, गेल्या महिन्यात, चष्मेवाल्यांच्या सायकलला. ते चष्मेवाले आता पाच दिवस हॉस्पिटलात होते. उतारावर सीट एकदम खाली बसली आणि ते पाठीवर आपटले. पुन्हा चालतील का, डॉक्टर धड सांगत नव्हते.

"ह्याच्या जागी नवा द्या," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "पण माप अचूक पाहिजे. सायकल दुरुस्त झाली म्हटलं की ह्यांना तेवढाच धीर येईल."

"देतो ना, वहिनी."

मिस्त्रींनी उगाचच खण उपसला. माप त्यांना तोंडपाठ होतं. त्या सायकलला लागायचा सत्तावीस दशांश दोन मिलिमीटरचा पाइप, आणि त्या दिवशी दुकानात होता नुसता सत्तावीसचा. चष्मेवाल्यांना घाई, मिस्त्रींना गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर आलेलं. मग काय, रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, पाइपभोवती गुंडाळली, सीटखालचा खटका आवळला आणि वेळ मारून नेली. चष्मेवाल्यांना पट्टीचं सांगितलंसुद्धा नाही. वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाचा हा शहाणपणा.

"माझे दीर म्हणत होते," बाई म्हणाल्या, "पाइप बारीक असला की आत पत्र्याची पट्टी घालतात. तुम्ही घातली होती?"

मिस्त्रींनी माप घ्यायचं व्हर्निअर उचललं आणि परत खाली ठेवलं. दीर कारखान्यात फिटर. नाही म्हणावं, तर उद्या तो सायकल घेऊन दारात उभा. हो म्हणावं, तर दुकान गेलं आणि अब्रूही गेली.

"घातली होती," ते म्हणाले. "सगळेच घालतात."

"मग त्या पट्टीचा आणि ह्यांच्या पडण्याचा काही संबंध असेल का हो?"

बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. खरं सांगून टाकावं, पाय धरावेत, असं मिस्त्रींना क्षणभर वाटलं. पण धीर झाला नाही.

"छे हो. पट्टी असली काय, नसली काय, काडीचा फरक पडत नाही. रस्त्यात खड्डा असणार."

"नक्की ना, मिस्त्री?"

"माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगतो."

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवून हुंदके द्यायला लागल्या. मिस्त्रींनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही," त्या म्हणाल्या. "हे पडले त्याच्या आदल्या दिवशी सायकल मी नेली होती. सीट खाली करायला म्हणून खटका सोडून पाइप हलवला, तर तो हातातच आला आणि आतून पत्र्याचा तुकडा पडला. घरी आल्यावर सीट परत ह्यांच्या उंचीला लावून ठेवली. तो तुकडा मात्र कचरा समजून मी फेकून दिला होता."