स्वखुशीचं पत्र

“स्वखुशीने,” घरमालकीणबाईंनी पत्रातल्या शब्दावर बोट टेकवलं. “इथे स्वच्छ लिहिलंय. मग नववं कलम तुम्हाला कसं लागू होईल?”

काटेवाला खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. चष्म्यासाठी त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. चष्मा खाली घरातच राहिला होता. पण तो शब्द त्याला वाचायची गरज नव्हती. तो त्यानेच घालून घेतला होता.

करारातलं नववं कलम बाईंचं स्वतःचं. भाडेकरूला कामावरून काढलं, तर महिनाभर आधी सांगून त्याला मुदतीआधी घर सोडता येईल, पुढचं भाडं माफ. त्याने आपणहून नोकरी सोडली, तर मात्र उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं भरावं. बाईंच्या नवऱ्याची नोकरी गेली होती, तेव्हा त्यांच्या घरमालकाने उरलेल्या भाड्यापोटी कपाट आणि शिलाई मशीन अडवून ठेवलं होतं. तेव्हापासून हे कलम त्यांच्या डोक्यात होतं. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दया दाखवायची, तर तीही नियमात बसवून.

काटेवाल्याने एकवीस वर्षं दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले होते. त्याच्या हाताखालून गेलेला काटा केसाएवढंही खोटं बोलत नाही, अशी त्याची ख्याती. मग आकडे दाखवणारे काटे आले. ते बिघडले की दुरुस्त कोण करतो, लोक नवेच आणतात. गेल्या सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं, चहा दिला आणि मान खाली घालून कामावरून काढलं. त्यावर या शहाण्याने काय करावं? साहेबांचे हात धरले. “काढलं असं लिहू नका. स्वखुशीने सोडली असं लिहा. आणि कुणीही विचारलं तरी हेच सांगा.” साहेबांनी शब्द दिला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, मीच लाथ मारली नोकरीला. ती भडकली. चालती नोकरी न विचारता सोडणाऱ्या नवऱ्याशी पाच दिवस ती कामापुरतंच बोलत होती. त्याला ते चालत होतं. रागावलेली बायको परवडली, कीव करणारी नको, असा त्याचा हिशेब. तिच्या भावाच्या घरामागे एक खोली रिकामी होती, तिथे जायचं ठरलं होतं. फक्त इथून सुटायला हवं होतं. सात महिन्यांचं भाडं इथे भरलं असतं, तर त्या खोलीत चूल पेटवायलाही काही उरलं नसतं.

“बाई, मला काढलंय,” तो एकदाचा म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. “ते पत्र मी हातापाया पडून लिहून घेतलं.”

“म्हणजे पत्र खोटं?”

“हो.”

“आणि आत्ता बोलताय ते खरं?”

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा खिसे चाचपू लागला.

“बसा. साहेबांनाच विचारू या,” म्हणत बाईंनी पत्रावरचा नंबर लावला. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. जिन्याकडचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं.

“छे हो!” साहेबांचा आवाज खोलीभर घुमला. “त्यांना कोण काढतंय? आपणहून गेले. मी किती समजावलं, पण ऐकतील तर शपथ.”

काटेवाला ताडकन उठला. माणूस शब्दाला जागला तरी किती जागावा? तो फोनवर ओणवा झाला. “साहेब, मीच बोलतोय. खरं सांगा. तुम्हीच काढलंत ना मला?”

पलीकडून साहेब हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी शेजारी आहेत वाटतं? घाबरू नका हो. मी तुम्हाला काढलं, हे माझ्या तोंडून त्यांना कधीच कळणार नाही.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पेन उघडलं आणि करारात नवव्या कलमापुढे, वहीत करतात तशी, बरोबरची खूण केली.

काटेवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो दाराकडे वळला, आणि जागीच थिजला. दारात त्याची बायको उभी होती. हातात त्याचा चष्मा. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

ती त्याच्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग आहे की कीव, त्याला कळेना. जवळचं त्याला चष्म्याशिवाय धूसरच दिसायचं. तिने चष्मा त्याच्या हातात दिला आणि फोनकडे वाकली.

“भाऊजी, मी शेजारीच आहे. तुम्ही शब्द पाळलात, आता त्यातून मोकळे व्हा. आणि बरंच झालं हो, पाच दिवस अबोला धरून माझाच जीव गुदमरला होता.”