माणशी अठरा

तिसऱ्या लिफाफ्याची लाख फुटली, तशी धक्क्यावरची कुजबूज थांबली.

फेरीबोटीच्या निविदा या वेळी साहेबांच्या बंद खोलीत उघडल्या जात नव्हत्या. टेबल तिकीटखिडकीसमोर मांडलं होतं, माइक लावला होता. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. हा आग्रह कचेरीतल्या हेडक्लार्क बाईंचा, आणि बाई म्हणजे सारंगाची सख्खी थोरली बहीण.

"भाऊ टेंडर भरतोय म्हटल्यावर लोक बोट दाखवणारच," तिनं त्याला आधीच बजावलं होतं. "निकाल लागेपर्यंत माझ्या दाराशी फिरकू नकोस."

सारंगानं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटी चालवल्या होत्या. यंदा होतं नव्हतं ते घालून त्यानं स्वतःची घेतली. जुनी होती. तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपायचं. "नव्या नवरीसारखी रडते थोडी," तो हसून म्हणायचा. "पंप आहे की!" पंप बंद पडला तर, असं बायकोनं दोनदा विचारलं. मग विचारणंच सोडलं. तपासणीचा कागद कसाबसा मिळाला होता, आणि निविदेत रकाना होता तो फक्त दराचा.

"माणशी अठरा," ताईनं वाचलं. आवाजात नात्याचा मागमूस नव्हता.

आधीचे दोघे बावीस आणि वीस. सारंगाचा जीव भांड्यात पडू लागला. आता एकट्या बगळ्याचा लिफाफा उरला होता. कायम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, म्हणून बगळा. दोन नव्याकोऱ्या बोटींचा मालक, आणि पंचविसाखाली कधी न उतरलेला.

ताईनं लाख फोडली, कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"माणशी साडेसतरा."

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. सारंग गर्दी कापत टेबलापाशी आला.

"बरोब्बर साडेसतरा? ताई, माझा लिफाफा पंधरा दिवस तुझ्या कुलपात होता."

माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

"लाख शाबूत आहे, हे मघाशी तूच पाहिलंस. सही केलीस. फोडली ती लोकांसमोर."

"दाखवायचे दात वेगळे असतात! पाठच्या भावाला बुडवून नाव कमावलंस तू."

ताई हळूच उठली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"लेखी तक्रार दे. चौकशी होईपर्यंत मी या खुर्चीवर बसणार नाही."

ती एकटीच चालत गेली. कुणी वाट अडवली नाही, कुणी सोबतही केली नाही.

सारंग तणतणत घरी आला. बायकोपुढे कोरा कागद आपटला.

"लिही. निविदाही तूच लिहिलीस, तुझं अक्षर बरं आहे. तिची नोकरीच घालवतो."

"नोकरी?" बायकोचा हात थांबला. "उघड वाचलं ना सगळं?"

"उघड म्हणे! लिही तू. माझा दर बगळ्याला जिनं सांगितला, तिचं पूर्ण नाव घाल. खाली मी सही करतो."

तिनं पेन उचललं. मग एक ओळ लिहून तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला.

नाव पूर्ण होतं, अक्षर नीटस होतं. फक्त ते ताईचं नव्हतं, बायकोचं स्वतःचं होतं.