जुनं पॅकिंग

या, जवळ सरका मायबाप, टाळ जरा खाली ठेवा. लातूरच्या औसा रोडवरची एक गोष्ट सांगतो.

अमरनाथ मिस्त्रीनं थोरल्या भावाच्या गाडीला इंजिनात हवा सोडणारी बाजारातली स्वस्त थ्रॉटल बॉडी बसवली आणि तिच्या सांध्यातलं, हवा अडवणारं पॅकिंग जुनंच ठेवलं. भाऊ वीरभद्र दमेकरी. दवाखान्याच्या वाटेवर गाडी बंद पडली आणि तो आतच गुदमरून गेला.

महिन्यानं भावजय उमाबाई ती गाडी घेऊन गॅरेजवर आली.

"भाऊजी, ही बंद पडली ती तुमच्या हातानं का आमच्या नशिबानं? तेवढंच सांगा."

अमरनाथनं इंजिन चालू केलं आणि उदबत्ती पेटवली. जिथून हवा चोरून आत जाते आणि इंजिन बंद पाडते, तिथं धूर ओढला जातो. ही त्याची नेहमीची पारख. धूर सरळ जुन्या पॅकिंगच्या फटीत शिरला.

वैनीला धूर दिसू नये म्हणून तो मधे पाठ करून उभा राहिला. "कुठंच गळती न्हाई, वैनी. माझा हात साफ हाय."

"महादेवाची आण?"

"आण."

त्यानं घाईनं इंजिन बंद केलं. धूर मात्र आत जातच राहिला. मग थांबला. मग बाहेर आला. पुन्हा आत गेला, जास्त ओढीनं, आणि दर ओढीला फटीतून बारीक शिट्टी वाजू लागली. अमरनाथनं बॅटरीची वायर उपटली. शिट्टी वाढतच गेली.

मागं उमाबाईनं पिशवीतून दम्याचा पंप काढला.

"सरका भाऊजी. ह्यांना धाप लागलीय."

मायबाप, अभंगाला सूर लावण्याआधी छातीभर श्वास घ्याल, तेव्हा वीरभद्राची आठवण ठेवा.