ठिपक्यांचे केस

रविवारी सकाळी अण्णा पेडणेकर वारले. याबद्दल मनवेलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणाचंही दुमत नव्हतं. आपण मात्र तसं काही झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. कारण अण्णा त्या वेळी गॅलरीत बसून चहात बटर बुडवत होते आणि त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं.

आत त्यांचा मुलगा कौस्तुभ आरशासमोर उभा होता. मुलीकडची मंडळी घर बघायला यायची होती, मुलगीही येणार होती, आणि त्यांना पाठवलेला फोटो जुना होता, केसांसकट. मधल्या काळात केस गेले. म्हणून कौस्तुभने वसईला टोनीच्या टॅटूच्या दुकानात उरलेसुरले केस काढून टाकले आणि सगळ्या डोक्यावर शाईचे बारीक ठिपके गोंदवून घेतले. बघणाऱ्याला वाटावं, माणसाने हौसेने गोटा केलाय आणि दाट खुंट वर येतायत. मिशी ठिपक्यांना शोभेना, तीही गेली. ऊन लागू नये म्हणून टोनीने पांढरी सुती टोपी घालायला सांगितली. टोनीच्या वाडीत बाप गेला की काळे कपडे घालतात, डोकं कोणी भादरत नाही. त्यामुळे त्याला कसलीच शंका आली नाही.

"फणस दिसतोयस," अण्णा गॅलरीतून म्हणाले.

"लेटेस्ट आहे, अण्णा. बाहेरदेशी सगळे करतात."

"टकलाला रंग? भिंत आहेस का तू? मी टकला, माझा बाप टकला. आम्हाला बायका मिळाल्याच ना?"

"तेव्हा कोणी फोटो मागत नव्हतं."

बेल वाजली. समोरच्या विनयाकाकू होत्या. त्यांनी कौस्तुभचं डोकं पाहिलं, मिशी नसलेला ओठ पाहिला, हातातली टोपी पाहिली, आणि पदर डोळ्यांना लावला. मग पिठलं-भाताचा डबा त्याच्या हातात दिला आणि मागे न बघता निघून गेल्या.

"'येते' तरी म्हणायचं," अण्णा वैतागले. "आणि पाहुणे यायच्या दिवशी पिठलं? या बाईला काही पोच आहे का?"

तेवढ्यात पाहुणे आलेच. पुढे मुलीचे मामा, मागे मुलगी, क्षितिजा. मामांनी दारातच कौस्तुभचं डोकं पाहिलं, चेहऱ्यावरचं हसू काढून घेतलं आणि हातातला पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला.

"कधी झालं?"

"मंगळवारी," कौस्तुभ ओशाळून म्हणाला. इतक्या लवकर ओळखतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"फार त्रास झाला का?"

"सुरुवातीला झाला. मग क्रीम लावलं."

"क्रीम," मामांनी गंभीरपणे मान हलवली. "आता पुढचं काय?"

"महिन्याने परत एकदा जावं लागेल."

"हो, मासिक श्राद्ध असतंच."

"कोणाचं श्राद्ध?" अण्णा बटर हातात घेऊन आत आले.

मामांनी हात जोडले. "आपण?"

"मी बाप याचा."

"खरंय. आता तुम्हीच बाप."

"आता नाही. पहिल्यापासून."

"मोठं मन आहे," मामा क्षितिजाला म्हणाले. "अशी माणसं राहिली नाहीत."

अण्णांनी मामांकडे पाहिलं. मग मुलाच्या डोक्याकडे, मग टोपीकडे, मग टेबलावरच्या पिठलं-भाताकडे. मग त्यांनी बटर खाली ठेवला.

"कौस्तुभ, मी कोण आहे ते सांग यांना. आणि तुझ्या डोक्यावर काय आहे, तेही सांग."

कौस्तुभने तोंड उघडलं. पण त्याआधी क्षितिजा बोलली. आल्यापासून ती त्याच्या डोक्याकडेच बघत होती.

"केस मात्र दाट येतायत," ती हळूच म्हणाली.

"येणारच!" मामा म्हणाले. "फोटोत पाहिलेत ना आपण. हे बघा, अशा घरात रीत काय आहे? लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. एरवी आम्ही अजून दोन-चार स्थळं बघणार होतो. पण आता थांबून चालायचं नाही. आमचा होकार आहे. मुलीच्या मनात आहे, पत्रिका जुळतेय. मार्गशीर्षात धरू. फक्त हे तुमचे कोण ते एकदा कळू दे, म्हणजे मानपान चुकायला नको."

कौस्तुभने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कौस्तुभकडे पाहिलं. क्षितिजा केसांकडे बघून हसली.

"काका आहेत," कौस्तुभ म्हणाला. मग कोणी न विचारताच त्याने जोडलं, "धाकटे."

मामांनी सांत्वनादाखल अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ गेल्याचं दुःख मोठं असतं, असं त्या हाताचं म्हणणं होतं.

अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. साध्या रागात ते घरच्या मराठीत ओरडत. पण राग त्याच्याही पलीकडे गेला की त्यांची भाषा थेट कचेरीत जाऊन बसे. त्यांनी खांद्यावरचा हात बाजूला केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले.

"तारखेस हरकत नाही," ते म्हणाले. "तथापि, सदर इसमाच्या डोक्यावर नैसर्गिक केस उगवेपर्यंत अर्जदारास या घरात हयात समजण्यात यावे, ही नम्र विनंती."