लोहाऱ्याचे सीलबंद कपाट

गुरुवार, १३ जून १९४६. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि लोहाऱ्याच्या वाचनालयातल्या एकुलत्या एका कपाटात तीनशे बारा मराठी पुस्तके होती. जिल्ह्याहून आलेले निजाम सरकारचे निरीक्षक ती मोजून खुर्चीत टेकले.

"सरकारी इमदाद मंजूर आहे," ते म्हणाले. "बाकांसाठी, कंदिलांसाठी दरसाल पैसे मिळतील. शर्त एकच. हे कपाट बंद राहील, आणि पोरांचा वाचनवर्गही."

उत्तरेश्वर दारात उभा होता. त्याची लेक महानंदा चार महिन्यांपासून त्या वर्गाला येत होती. कालच तिने जोडाक्षरांशी झटापट करून एक अख्खे पान वाचले होते. गावात मराठी वाचायला शिकवणारी दुसरी जागा नव्हती. ग्रंथपाल महांतप्पा ही इमदाद साहेबांच्या तोंडावर फेकील, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

हैदराबादच्या हुन्नरशाळेत सुतारकी शिकलेल्या महांतप्पाने सावकाश चष्मा पुसला.

"कबूल," तो म्हणाला. "फक्त कुलपावर सरकारी लाख लावा, साहेब. नुसत्या कुलपाचा भरवसा न्हाय. उद्या कुणी झडतीला आलं तर मोहर बघून परत जाईल."

"माणूस समजदार आहे," निरीक्षक खूश झाले.

"समजदार?" उत्तरेश्वरचा आवाज चढला. "अप्पा, लेकरांच्या तोंडातला घास इकला तुम्ही."

"हळू बोल, उत्तरेश्वर. तुझं हळू बोलणंबी पेठंत ऐकू जातं."

एवढ्यात शेजारच्या दारातून महांतप्पाची विधवा भावजय शिवकांता बाहेर आली. दोघा भावांनी घर वाटून घेतले, तेव्हा मधल्या भिंतीत एक चौकट मोकळी ठेवली होती. इकडचा विस्तव तिकडे जावा आणि तिकडचे ताक इकडे यावे म्हणून. पुढे महांतप्पाच्या वाट्याच्या खोलीत वाचनालय निघाले आणि त्याने त्या चौकटीत स्वतःच्या हाताने कपाट बसवले. तेव्हापासून विस्तवाची देवघेव अंगणातून होई.

"भावजी," शिवकांता साऱ्यांदेखत म्हणाली, "आजपासून माझ्या घरचा विस्तवबी मागू नका."

तापलेल्या लाखेचा वास अजून हवेत होता, तोच तिने दार लावून घेतले.

देवघेव खरोखरच बंद पडली. उत्तरेश्वरने ती बातमी पारावर बसून चवीने सांगितली. वाचनालयाची पायरी त्याने सोडली आणि महानंदाला इतर पोरांसोबत शिवकांताकडे शेंगा फोडायला धाडू लागला. मूठभर दाणे मिळत आणि बाई निदान बाण्याची तरी होती.

इमदादीचे पैसे दरसाल येत, वाचनालयात मात्र ना बाक आले, ना कंदील. महांतप्पा वर्षातून दोन-तीनदा सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखातल्या सोलापूरला जाई आणि पेंडीची पोती घेऊन परते.

"दारात म्हैस न्हाय, बैल न्हाय," उत्तरेश्वर भर पेठेत विचारी. "अप्पा, पेंड खातंय कोण?"

"खाणारी हायेत की," महांतप्पा म्हणे. लोक हसत. तोही हसे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. डिसेंबरात नवे अधिकारी आले आणि उत्तरेश्वरने पहिला अर्ज त्यांच्याकडे केला: कपाट उघडावे, महांतप्पाला काढावे. चौकशीच्या तारखेचा कागद वाचनालयाच्या दारावर लागला. महानंदाने तो बापाला एका दमात वाचून दाखवला. उत्तरेश्वर रागाने धुमसत होता. त्याने फक्त तारीख ऐकली.

ठरल्या दिवशी गाव लोटले. अधिकाऱ्यांनी वाकून लाख तपासली. मोहर अखंड होती.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" त्यांनी महांतप्पाला विचारले.

"न्हाय साहेब. फक्त मोजून घ्या. त्या सरकारनं मोजून बंद केलं होतं."

"मोजाच," उत्तरेश्वर म्हणाला. "वाळवीनं किती ठेवली ते तरी कळंल."

कुलूप निघाले. दारे उघडली. आत अंधार नव्हता. कपाटाची मागची फळी काढलेली होती; पुस्तकांच्या फटींतून शिवकांताच्या खोलीतला उजेड येत होता आणि पानापानांत शेंगदाण्यांची फोलपटे अडकली होती.

अधिकाऱ्यांनी पुस्तके मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

तीनशे सत्तेचाळीस.